तीन कुलुपांचा दरवाजा

ओस्टरविर गावच्या बांधावरच्या दरवाजाला तीन कुलुपं होती, आणि तीन कुलुपांची कल्पना हिल्लेकेची होती. गेली आठ वर्षं हे तिने कुणाला विसरू दिलं नव्हतं. आज मात्र लोक विसरले तर बरं, असं तिला वाटत होतं.

दरवाजा कसला, कालव्याच्या बांधात बसवलेली एक लोखंडी झडप. वर हाताने फिरवायचं चाक, ते जखडून ठेवणारा जाडजूड दांडा आणि त्या दांड्याला तीन कुलुपं. कालवा तुडुंब भरला की झडप उचलायची, पाणी पलीकडच्या बैलकुरणात सोडायचं आणि गाव वाचवायचं. शेंबड्या पोरालाही कळेल असं काम. पण कालवा जलमंडळाचा, गाव नगरपालिकेचं आणि कुरणाचा करार प्रांत सरकारचा. तेव्हा किल्ली कुणी ठेवायची यावर दोन वर्षं बैठका चालल्या. आमच्याकडची रीतच अशी, की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचं म्हणणं ऐकून झाल्याशिवाय उठायचं नाही आणि कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. कॉफीबरोबर माणशी एक बिस्किट, मग डबा बंद. यजमानाने आपलं बिस्किट सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. अशी कितीतरी बिस्किटं संपल्यावर जलमंडळाच्या हिल्लेकेला संग्रहालयातली जुनी पेटी आठवली. बांधाचे पैसे ठेवायच्या त्या पेटीला तीन कुलुपं असत आणि तीन गावांची तीन माणसं हजर असल्याशिवाय तिचं झाकण उघडत नसे.

"तसंच करू," ती म्हणाली. "तीन कुलुपं. तिघं मिळून उघडू."

कुणालाच नाही म्हणावं लागलं नाही, म्हणून सगळे खूश झाले. उद्घाटनाला बँड वाजला. हिल्लेकेचे वडील बेरेंड पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते. ते राहायचे दोरवाल्यांच्या गल्लीत, गावातल्या सगळ्यात खोलगट वस्तीत. त्या वस्तीला नावच 'वाडगा'. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने गल्लीभर सांगायला सुरुवात केली की माझ्या पोरीने दरवाजा बसवलाय, आता वाडग्यात पाणी येणार नाही.

दर पानगळीला तिघांनी जमून कुलुपं उघडून बघायची, तेल घालायचं, असं करारात लिहिलं होतं. तारखांच्या चौकटी तिघांना जायच्या, तिघं सोयीच्या तारखांवर खुणा करून परत पाठवायचे, आणि तीन खुणा कधी एका तारखेवर पडायच्या नाहीत. मग सगळ्यांना फार वाईट वाटायचं आणि पुढच्या वर्षी नक्की असं ठरायचं. एकटीने जाऊन आपल्या कुलुपात तेल घालून यावं, हे हिल्लेकेला सुचलं नव्हतं असं नाही. पण एकटीच दरवाजाशी खुडबुड करताना दिसलो तर बाकीचे दोघं काय म्हणतील? आमच्यावर विश्वास नाही म्हणतील. म्हणून ती कधी गेली नाही.

आणि आता रविवारी सकाळी ती त्याच बांधावर पावसात उभी होती. पाऊस किती दिवस चालला होता ते मोजणं लोकांनी सोडून दिलं होतं. वायव्येच्या वाऱ्याने समुद्र किनाऱ्यावर रेटून धरलेला, त्यामुळे तिकडची मोठी दारं हेगच्या सरकारने बंद ठेवलेली. वरून यायला कमी नाही आणि बाहेर जायला वाट नाही. कालवा काठाला लागला होता. बंबवाल्यांच्या होडीने हिल्लेकेला आणि उपनगराध्यक्ष रुटगरला बांधावर सोडलं होतं आणि होडी लगेच वाडग्याकडे निघून गेली होती. बांधाच्या दोन्ही टोकांना रस्ता बुडालेला. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ही दोघं आणि चार मेंढ्या. मेंढ्यांनाही कुठे जाता येत नव्हतं, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

रुटगरने आपली किल्ली लावली. नगरपालिकेचं कुलूप पटकन उघडलं.

"इतकं सहज?" हिल्लेके म्हणाली.

"आमचा एक माणूस अधूनमधून तेल घालून जायचा." रुटगर जरा ओशाळला. "गुपचूप. तुला सांगितलं असतं तर तू बैठक बोलावली असतीस."

हिल्लेकेला राग आला. करार तिघांनी मिळून करायचा आणि तेल एकट्याने घालायचं? पण भांडायला वेळ नव्हता, कारण फोन वाजत होता. हेगहून कुणीतरी तरुण आवाजात विचारत होतं, सद्यस्थिती कळवाल का?

"ओली आहे, असं लिही," रुटगर बाजूने ओरडला. तिने फोन ठेवला.

मग तिने आखेतला फोन लावला. आखेत प्रांत सरकारची, तिसरी किल्ली तिच्याकडे. ती बांधापलीकडच्या बैलकुरणात होती, डुर्क नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी. फोनवर आधी गायींचं हंबरणं ऐकू आलं, मग ती.

"अर्ध्या निघाल्यात, अर्ध्या अजून आत आहेत. कुरणाच्या त्या टोकाला जाऊन बसल्यात, हलायला तयार नाहीत."

"किती वेळ लागेल?"

"गायींना विचारून सांगू? हिल्लेके, गायी बाहेर काढल्याशिवाय पाणी सोडणार नाही असा शब्द दिलाय आपण डुर्कला. तूच दिलायस, त्याच्या स्वयंपाकघरात बसून. तो मोडून येऊ का मी?"

"नाही, नाही. तू काढ गायी."

रुटगरने पिशवीतून कटर बाहेर काढला. लोखंड कापायचा, बॅटरीवरचा, नवाकोरा. "तिचं कुलूप तोडू. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि गायी?"

"गायींना पोहता येतं."

"आज हे कुलूप तोडलं ना रुटगर, तर उद्या या भागात एकही शेतकरी कुठल्या कागदावर सही करणार नाही. पुढच्या पुरात पाणी कुठे सोडशील? नगरपालिकेच्या सभागृहात?"

तिचं म्हणणं खरं होतं. खरं बोलताना माणूस फार ताठ होतो, तशी ती ताठ झाली होती. रुटगरने कटर परत पिशवीवर ठेवला.

"बरं, निदान तुझं कुलूप तरी उघडून ठेव."

"क्रम ठरलाय. आधी नगरपालिका, मग प्रांत, मग आम्ही. यजमान शेवटी."

"अगं बाई, हे बिस्किट नाहीये!"

"ठरलंय ते ठरलंय," हिल्लेके म्हणाली आणि किल्ली खिशात आणखी खाली सारली.

वडिलांचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, ते नेहमीसारखे हवापाण्याचं विचारतील.

"कुठे आहात बाबा?"

"जिन्यात."

"जिन्यात म्हणजे?"

"म्हणजे जिन्यात! वर जायच्या खुर्चीवर. अर्ध्यात आलो आणि वीज गेली. आता ना वर ना खाली, मधोमध बसलोय पोपटासारखा."

वडिलांचं खुब्याचं हाड बदललेलं. जिना शिडीसारखा उभा आणि अरुंद, त्याच्या कडेने विजेवर चालणारी खुर्ची बसवून घेतली होती. तिच्यावरून उतरून त्या पायऱ्यांवर उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

"वीज गेली तरी तिला बॅटरी असते ना?"

"असते की. मेलेली असते. खुर्चीवाला म्हणाला होता, बदलायला पाहिजे, घरचं कुणीतरी हजर ठेवा. तुला तीनदा विचारलं, कधी मोकळी आहेस. संडासाच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर तीनदा तारीख लिहिली आणि तीनदा खोडली. असू दे. तू कामाची माणूस."

"पाणी आलंय का घरात?"

"दाराच्या फटीतून येतंय. बंबवाले येऊन गेले सकाळी, गल्ली रिकामी करा म्हणत होते. मी म्हटलं, कशाला? माझी पोरगी बांधावर आहे, दरवाजा उघडेल, पाणी उतरेल. मग शेजारची आल्त्येपण थांबली, पलीकडचे पण थांबले. उघडला ना?"

आता या घडीला तिने सांगायला हवं होतं की अजून नाही उघडला, कधी उघडेल ते माहीत नाही, भिंतीवर काठी आपटा आणि शेजारच्या आल्त्येमावशींना वर जायला सांगा. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ज्या दरवाजासाठी बाप आठ वर्षं गल्लीत छाती काढून फिरला, तो उघडत नाहीये हे त्याला कसं सांगायचं, आणि तेही तो जिन्यात लटकलेला असताना?

"उघडतोय बाबा. स्वस्थ बसा."

"बसण्याशिवाय दुसरं करतोय काय मी?" बेरेंड म्हणाले. ते पेपरमिंट चघळत होते, दातांवर गोळी लागल्याचा आवाज तिला ऐकू आला.

होडी परत येताना दिसली. तिला वाटलं होडीवाल्याला वडिलांबद्दल सांगावं. तिने सांगितलंही. पण तळघरांत माणसं होती, आधी ती, मग जिन्यातली. हे बरोबरच होतं आणि ऐकायला असह्य होतं.

"एका तळघराच्या खिडकीचे गज कापायचेत," होडीवाला ओरडला. "कुणाकडे कटर आहे का?"

रुटगरने हिल्लेकेकडे पाहिलं. "तुला नकोय ना?"

"नको. किल्ल्या आहेत आपल्याकडे."

कटर होडीतून गेला. होडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. इथून गल्लीतली छपरं दिसत होती, त्यांतलं एक वडिलांचं. हाक मारली असती तर ऐकू गेली नसती आणि चालत जायला जमीन नव्हती. मेंढ्या गवत खात होत्या. कालवा काठाच्या दगडांवर चढून बघत होता.

अखेर कुरणाच्या बाजूने ट्रॅक्टर आला. डुर्क चालवत होता, शेजारी आखेत, कमरेपर्यंत चिखल आणि एका बाहीवर शेण. "सगळ्या निघाल्या," ती खाली उडी मारत म्हणाली. डुर्कने एकदा वळून आपल्या कुरणाकडे पाहिलं, जसं परगावी जाताना माणूस घराकडे बघतो.

आखेतने आपल्या कुलुपावरची प्लास्टिकची पिशवी सोडली, किल्ली घातली, जरा शिव्या दिल्या. कुलूप कुरकुरलं आणि उघडलं.

"चला यजमानबाई," रुटगर म्हणाला.

हिल्लेकेने खिशातून किल्ली काढली. तिचं कुलूप तिघांत खालचं, मेंढ्या अंग घासतात त्या उंचीवर. किल्ली आत गेली, अर्धी. तिने ढकलली. फिरवली, फिरेना. परत काढून पुसली, परत घातली. मग तिने दोन्ही हातांनी जोर लावला आणि किल्लीचा अर्धा तुकडा तिच्या हातात आला, अर्धा कुलुपात राहिला.

रुटगर काही बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नुसतं वळणाकडे पाहिलं, जिथून कटर गेला होता. तासाभरापूर्वी ही किल्ली लावून बघितली असती तर हे तेव्हाच कळलं असतं आणि कटर इथेच राहिला असता. हे दोघांनाही समजत होतं, आणि ते तसंच पावसात दोघांच्या मध्ये उभं राहिलं.

"पहार आहे घरी," डुर्क म्हणाला. "आणतो."

ट्रॅक्टर चिखल उडवत गेला. आखेत होडीला फोन लावत राहिली, होडी उचलेना. हिल्लेके दगडाने कुलुपावर मारत होती, हातांची सालटं निघाली तरी मारत होती. त्यातच गावाच्या बाजूने भोंगा वाजला. कालव्याने काठ ओलांडला होता आणि पाणी वाडग्यात उतरायला लागलं होतं. तिने दगड टाकला आणि वडिलांना फोन केला.

"पायऱ्या चढतंय गं," बेरेंड म्हणाले. आता आवाजात थट्टा नव्हती. "खालची घडवंची तरंगतीये."

"बाबा, उघडला नाहीये. मी मघाशी खोटं बोलले. आल्त्येमावशींना वर जायला सांगा, सगळ्यांना सांगा. काठी आपटा."

"कुणामुळे अडलंय? त्या प्रांतवालीमुळे?"

"माझ्यामुळे. माझंच कुलूप गंजलंय."

पलीकडून काठीचे ठोके ऐकू आले, भिंतीवर, एकामागून एक, आणि म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, "आल्त्ये! वर जा! अगं वर जा, पलीकडच्यांनाही सांग!" मग तो परत फोनवर आला. "वर जा एवढंच सांगितलं. का ते मी सांगणार नाही. ते तुझं तू सांग." आणि फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की पाण्यात पडला, ते तिला कळलं नाही.

तेवढा वेळ तिच्या आयुष्यात पुन्हा कधी न येवो. बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती चालत जायची, पाण्याशी थांबायची, परत फिरायची. रुटगरने तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिने झटकला, आणि मग स्वतःच जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

डुर्क पहार घेऊन आला. कुलुपाच्या कडीत टोक खुपसून त्याने सगळं अंग टाकलं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा कडी तुटली.

"माझंच कुरण बुडवायला माझीच पहार," तो म्हणाला. "बाई, पुढच्या खेपेला स्वयंपाकघरात शब्द द्यायला येताना तेलाची कुपी पण आणा."

चौघांनी चाकाला हात लावला. आठ वर्षं न हललेली झडप आधी रडली, मग उचलली गेली, आणि कालवा कुरणात कोसळला. डुर्कने चाक सोडलं आणि तो मेंढ्यांपाशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. वर्षभर तरी तिथे नीट गवत येणार नव्हतं. काठाच्या दगडांवरचं पाणी सावकाश खाली सरकू लागलं.

दुपारी होडीने तिला गल्लीत सोडलं. पाणी गुडघ्याइतकं होतं, भिंतींवर त्याच्याही वर ओली रेघ. वडिलांचं दार पाण्याच्या रेट्याने सताड उघडलं होतं. ते खुर्चीवर तसेच बसलेले, मांडीवर काठी, पाय ठेवायच्या फळीवर सपाता भिजून काळ्या पडलेल्या. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. ओठ निळे झाले होते. हिल्लेके पायऱ्या चढली, त्यांच्या पायांशी बसली आणि त्या ओल्या सपातांवर डोकं टेकून रडली.

"बंबवाले येतायत तुम्हाला काढायला," ती म्हणाली. "बाबा, मी उद्याच त्या खुर्चीवाल्याला..."

"ते बघू." त्यांनी तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला, मग उचलून घेतला. "आल्त्येकडे जाऊन आलीस?"

"नाही. आधी तुमच्याकडे."

"मी काय पळून जातोय? अडकलेलाच आहे. जा. गल्ली माझ्या शब्दावर थांबली आणि मी तुझ्या. जा, सांगून ये."

ती परत पाण्यात उतरली. शेजारचं दार बंद होतं. तिने ठोठावलं तशी वरची खिडकी उघडली आणि आल्त्येमावशींनी पांढरं डोकं बाहेर काढलं. अंगावर दोन स्वेटर, काखेत मांजर.

"उघडला ना गं दरवाजा?" त्या हसून म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं पलीकडच्यांना. बेरेंडची पोरगी आहे म्हटलं."

हिल्लेकेला वाटलं, हो म्हणावं आणि निघून जावं. उघडला होता हे काही खोटं नव्हतं.

"उशिरा उघडला, मावशी. माझं कुलूप गंजलं होतं आणि मी ते आधी बघितलं नाही. बघितलं असतं तर तुमच्या घरात पाणी आलं नसतं."

आल्त्येमावशींचं हसू गेलं. त्यांनी मान वळवून आत पाहिलं, जिन्याच्या दिशेने. खाली त्यांच्या नवऱ्याने हाताने केलेलं कपाट होतं, दिवाणखान्यात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

हिल्लेके तशीच उभी राहिली. जावं की थांबावं ते तिला कळेना. गुडघ्याखाली पाय बधिर झाले होते. मग आतून जिना उतरल्याचा आवाज आला, मग पाण्यातून चालल्याचा, मग कडी सरकली. दार मात्र जागचं हललं नाही.

"फुगलंय मेलं," आल्त्येमावशी आतून म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मी एकटीने ओढून व्हायचं नाही. मी आतून ओढते, तू बाहेरून ढकल."

हिल्लेकेने दाराला खांदा लावला.